कुत्र्याला ‘अहो’

कुत्रा माझा नव्हता, यांचा होता. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात भूल देण्याचं काम करून रिटायर झाल्यावर हे महिनाभर खिडकीशी बसून होते. मग एक दिवस रेस्क्यू सेंटरमधून एक काळापांढरा, एक कान पडलेला कुत्रा घेऊन आले. म्हणाले, “जन्मभर लोकांना झोपवलं. आता कोणाला तरी पळवतो.”

आणि खरंच पळवू लागले. गावाबाहेरच्या एका क्लबात कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत शिकवतात. तिला अजिलिटी म्हणतात. कुत्र्याने दांडीवरून उडी मारायची, कापडी बोगद्यातून आरपार जायचं, फळीवर चढून उतरायचं, ओळीने रोवलेल्या खांबांमधून नागमोडी निघायचं. माणसाने बाजूने धावत फक्त बोलायचं आणि हात दाखवायचे. कुत्र्याला स्पर्श करायचा नाही, हातात खाऊ धरायचा नाही. अशा चार कुत्र्यांची एक टीम होते आणि आसपासच्या क्लबांच्या टीम उन्हाळाभर आळीपाळीने एकमेकांच्या मैदानावर खेळतात. ती यांची लीग. रविवारी हे चिखलाचे बूट घालून निघायचे, मी पुस्तक घेऊन घरी राहायचे. दोघांचाही दिवस छान जायचा.

मागच्या हिवाळ्यात हे गेले.

वसंतात टीमची कॅप्टन लेमन केक घेऊन घरी आली. सत्तरीची, पूर्वी शहरात बस चालवायची. आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोचेल असा. चहा घेऊन झाल्यावर तिने विषय काढला. लीग सुरू होतेय, यांच्या कुत्र्याशिवाय टीममध्ये तीनच कुत्रे उरतात. क्लबातली एक नर्स त्याला पळवायला तयार आहे. आणि मला जड होत असेल तर ती त्याला कायमचा घरीही नेईल. तिचा फार जीव आहे त्याच्यावर.

“विचार कर,” कॅप्टन म्हणाली. “घाई नाही. म्हणजे, थोडी आहे.”

मी लंडनला, स्टॅनमोरला राहणाऱ्या मुलीला फोन केला. तिचा जन्म इथला, मराठीही इथलीच.

“आई, देऊन टाक ना. तुला डॉग्ज आवडत पण नाही. आणि तो नर्स चांगली आहे ना?”

“ती नर्स.”

“हां, ती. तिला दे.”

तिचं चूक नव्हतं. पण मी वाचत बसले की तो पायावर हनुवटी टेकून पडायचा आणि पान उलटलं की एक डोळा उघडून बघायचा. त्या घरात मी काय करते आहे याची दखल घेणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. दुसरीकडे, ज्याला धावण्याचं इतकं वेड त्याला माझ्या सोबतीसाठी गालिचावर बसवून ठेवणं मला पटेना. शेवटी मी कॅप्टनला सांगितलं, लीगच्या पहिल्या रविवारी मी स्वतः त्याला घेऊन उतरते. माझ्याबरोबर धावला तर राहील. नाही धावला तर नर्सने त्याच दिवशी न्यावा.

“तू धावणार?” कॅप्टनने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“चालेन जोरात,” मी म्हटलं.

सराव वाईट झाला. यांचे इंग्रजी शब्द मला ऐकून पाठ होते. टनेल, ओव्हर, वेट. मी ते जसेच्या तसे म्हणायचे. तो पहिली उडी मारायचा, मग थांबायचा, बसायचा आणि मैदानाच्या फाटकाकडे बघत राहायचा. कोणाची वाट बघतोय ते सगळ्यांना कळत होतं.

“तू लायब्ररीत असल्यासारखी बोलतेस,” कॅप्टन म्हणाली.

“पंचवीस वर्षं लायब्ररीतच होते.”

“मग तो शांतता पाळतोय बिचारा.”

पुढच्या सरावाला फाटक कोणाकडून तरी उघडं राहिलं. तो बसल्या जागेवरून उठला आणि सरळ बाहेर निघाला. पलीकडे कार पार्क, तिथे एक व्हॅन मागे येत होती. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. नर्सने त्याच्या नावाने हाक मारली, कॅप्टनने मारली, तो वळला नाही. माझ्या तोंडून निघालं, “अहो!”

तो जागच्या जागी फिरला आणि तीरासारखा धावत माझ्या पायाशी येऊन उभा राहिला.

मला क्षणभर काहीच समजलं नाही. मग समजलं. इतकी वर्षं मी स्वयंपाकघरातून हाक मारत होते. अहो, चहा झालाय. अहो, जेवायला चला. हे पेपर संपवल्याशिवाय उठत नसत. कुत्रा मात्र पहिल्या हाकेला दारात हजर व्हायचा, कारण यांच्या बशीतलं बिस्किट त्याला ठरलेलं असायचं. त्याचा समज झाला होता की मी त्यालाच बोलावते. बाकीचे सगळे काहीही म्हणोत, घरातल्या बाईने ठेवलेलं आपलं नाव ‘अहो’.

घरी येताना गाडीत मला हसू येत होतं आणि त्याच वेळी ते नकोसंही वाटत होतं. आमच्या पिढीतल्या पुष्कळ बायका नवऱ्याला नावाने हाक मारू लागल्या होत्या. मला ते कधी जमलं नाही. यांचं नाव मी घेतलं ते लग्नातल्या उखाण्यात आणि इथल्या सरकारी कचेऱ्यांत. बाकी सारा संसार त्या दोन अक्षरांवर झाला. ती हाक ऐकणारं आता कोणी नव्हतं, पण ती हाक माझी होती. कुत्र्याला द्यायला मन धजेना. पुढच्या सरावाला मी पुन्हा इंग्रजीवर आले आणि तो पुन्हा बसला.

“त्या दिवशी काय ओरडलीस?” कॅप्टनने विचारलं. “तेच ओरड की.”

“ते त्याचं नाव नाही.”

“त्याला ठाऊक आहे का ते?”

मी त्याला पट्टा लावला आणि गाडीकडे निघाले.

लीगचा रविवार उजाडला तो ढगाळ, बरा. मैदानाच्या कडेने तंबू, घडीच्या खुर्च्या, थर्मास, आणि प्रत्येक खुर्चीला बांधलेला एकेक उतावीळ जीव. सुरुवातीला माणसांना कुत्र्यांशिवाय मार्ग बघू देतात. आम्ही सगळे गंभीर चेहऱ्याने, हात हवेत फिरवत, नसलेल्या कुत्र्यांना वळवत हिंडत होतो. देवळात प्रदक्षिणा घालणारी माणसंसुद्धा इतकी एकाग्र नसतात.

टीममधले तिघे धावून आले. कॅप्टनचा म्हातारा टेरिअर एकही चूक न करता. मग आम्ही. नर्स मैदानाभोवतीच्या दोरीपलीकडे उभी होती. तिच्या हातात नवा पट्टा होता. तो तिने पाठीमागे धरला होता, मला दिसू नये म्हणून.

पहिली उडी झाली. दुसरी झाली. तो थांबला, बसला, आणि फाटकाकडे बघू लागला.

“ओव्हर,” मी म्हटलं. “ओव्हर!”

तो उठला आणि फाटकाच्या दिशेने चार पावलं गेला. दोरीबाहेर पाऊल पडलं की बाद. नर्स खाली वाकली, त्याला अलगद धरता यावं म्हणून. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. तिला खरंच वाईट वाटत होतं आणि त्यामुळेच मला दिसलं की आता तो जाणार. संध्याकाळी पायावर हनुवटी नसणार.

“अहो,” मी म्हटलं. पडलेला कान उचलला गेला.

“अहो! तिकडे कुठे? इकडे या!”

तो आला. आला तो थेट तिसरी दांडी ओलांडून. आणि माझं तोंड एकदा सुरू झाल्यावर थांबेना. ‘अहो’ म्हटल्यावर पुढे ‘ये’ आणि ‘जा’ कसं म्हणणार? सगळंच आदरार्थी येऊ लागलं. “आत शिरा! हं, बाहेर या. आता चढा. सावकाश उतरा, सावकाश! अहो, असं काय करता, एक खांब राहिला, मागे फिरा!” तो मागे फिरला, पहिल्या खांबापासून नागमोडी नीट करून आला. एक दांडी पाडली. मी बोगद्याच्या तोंडाशी घसरले आणि सावरले. शेवटच्या उडीनंतर तो माझ्या अंगावर आला आणि मी गवतात बसकण मारली. तिकडे कॅप्टन तिच्या बसवाल्या आवाजात “आहो! आहो!” ओरडत होती आणि आमची सगळी टीम तिच्यामागून.

दोरीपलीकडून कोणीतरी खदखदून हसत होतं. तिशीतलं एक जोडपं, हातात चिप्स, सहज फिरायला आलेलं.

“काकू, सॉरी हं,” ती मुलगी डोळे पुसत म्हणाली. “पण कुत्र्याला अहो?”

“आणि मला घरात ‘अरे ए’,” तिचा नवरा म्हणाला. “काकू, तुमच्याकडे जागा आहे का आणखी एकाला?”

“उड्या माराव्या लागतील,” मी म्हटलं.

“त्या तो आत्ताही मारतो,” ती म्हणाली. “बिस्किट मिळत नाही एवढंच.”

चहा पिताना कॅप्टनने त्या शब्दाचा अर्थ विचारला. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, तेव्हा सांगणं अवघड. मी म्हटलं, ज्याचं नाव घ्यायचं नसतं अशा आपल्या माणसाला मारायची ती हाक. आदराने.

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, “माझ्या नवऱ्याला मी चाळीस वर्षं ‘ऑय’ म्हणायचे. तेच ना?”

“जवळजवळ तेच,” मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो. तिचे मिस्टरही नव्हते आता.

आमची टीम तिसरी आली. टीम तीनच नव्हत्या, हे मी मुलीला फोनवर आवर्जून सांगितलं. नर्सने निघताना तो पट्टा माझ्या हातात दिला. “त्याच्यासाठीच घेतला होता,” म्हणाली. मी तिला सांगितलं, मी स्टॅनमोरला जाईन तेव्हा कुत्रा तिच्याकडे राहील. चालेल का, असं विचारायची गरज पडली नाही.

“मग, दिली का कुत्रा?” मुलीने विचारलं.

“दिला का. नाही दिला. दोन आठवड्यांनी आमची पुढची मॅच आहे.”

“आमची?”

“आमची.”

मग ती म्हणाली, “तू कुठल्या शूजमध्ये पळालीस?”

“रोजच्या.”

“आई! पडशील. मी प्रॉपर स्टड्सवाले ऑर्डर करते. साइझ सांग तुझी.”

मला आठवेना. फोन खांद्याशी धरून मी दारातला बूट उचलला आणि उलटा केला. तळव्यावरचा नंबर चिखलाखाली गेला होता. तिला म्हटलं थांब जरा, आणि सुरीच्या टोकाने चिखल खरवडू लागले.