एका माणसापुरत्या भाकरीचा शोध

लोक काय बोलतात हे ऐकणारे आमच्या गावात पुष्कळ आहेत, त्यात मीही आले. पण लोक कसं मागतात एवढं एकच ऐकायला देवानं ज्याला कान दिले असा माणूस अख्ख्या बिदर जिल्ह्यात एकच, आणि तो माझ्या धाकट्या जावेचा भाऊ. सगळे त्याला अण्णा म्हणतात. माझ्याहून वीस वर्षांनी लहान असला तरी मीही अण्णाच म्हणते, आणि तो मला अक्का. मूळचा मुडबीचा. तिथं शेत आहे, घर आहे, सगळं आहे. पण हायवेवर माणसं जास्त थांबतात आणि जास्त मागतात, म्हणून हा बायकोला घेऊन मन्नाएखेळ्ळीला आमच्या गल्लीत येऊन राहिला. कुणी नोकरीसाठी गाव सोडतं, कुणी भावाशी भांडून सोडतं. लोकांचं मागणं ऐकायला गाव सोडलेला मी तरी हाच पाहिला.

धंदा काय म्हणून विचाराल तर कीवर्ड काढणे. म्हणजे असं, की लोक मोबाईलवर सर्च करताना कुठले शब्द घालतात ते हुडकायचं, आणि ज्याला माल विकायचा त्याच्या वेबसाइटवर तेच शब्द नीट मांडून द्यायचे; मग शोधणाऱ्याला ते दुकान आधी दिसतं. हे त्याला कोणी शिकवलं नाही. मी जशी किराणाच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचायला शिकले, तसा तो व्हिडिओ बघत बघत शिकला. पण व्हिडिओवाले म्हणतात की शब्द यंत्रातून काढा, आणि अण्णा म्हणतो शब्द आधी माणसाच्या तोंडातून काढावा आणि मग यंत्रात मोजावा. त्यासाठी तो स्टँडवर उभा, किराण्यात उभा, मेडिकलच्या पायरीवर तर तासतास उभा. "माणूस वस्तू मागत न्हाई अक्का, अडचण सांगतोय," असं त्याचं म्हणणं. गोळीचं नाव कुणाच्या बापाला येत नाही. 'दोन दिस झालं डोकं धरलंय, काय तर द्या' असं म्हणतात. हे अण्णा वहीत जसंच्या तसं लिहून घ्यायचा. शेवटी मेडिकलवाल्यानंच हात जोडले. "अण्णा, तुम्ही हितं कामून उभारलाव ओ? बायका औषध मागायला लाजायल्यात. मूळव्याधीचं गिऱ्हाईक तर तुम्हाला बघून हुमनाबादला जायलंय!" अण्णानं त्यातलं शेवटचं वाक्यही लिहून घेतलं.

त्या वहीत चार रकाने. पहिल्यात शब्द. दुसऱ्यात महिन्याला किती जण तो शोधतात, हे मोबाईलमधलं यंत्र सांगतं. तिसऱ्यात त्या शब्दावर आधीच किती दुकानं ठाण मांडून बसलीत. आणि चौथा रकाना त्याचा सगळ्यात लाडका: विचारणाऱ्याच्या मनात काय आहे? घ्यायचंय, शिकायचंय, का उगी वेळ घालवायचाय? हा चौथा रकाना त्यानं वहीपुरता ठेवला असता तर बरं होतं. माझ्या पुतणीला बघायला संतपूरची मंडळी आली होती. चहा झाला, पोहे झाले. बोअर किती फूट खोल आहे, सोयाबीनला कुठलं बी घातलं, लोणच्यात मोहरी कच्ची घालता का भाजून, सगळं विचारून झालं. अण्णा माझ्या कानाशी आला, पण त्याची कुजबुज म्हणजे अंगणापर्यंत जाते. म्हणाला, "पोरगी काय शिकली हे एकानं विचारलं न्हाई. हे शिकायला आलेत अक्का, जमवायला न्हाई." माझ्या जावेनं भावाकडे असं पाहिलं की कपबशीतला चहा आटावा. आणि खरंच, त्या लोकांचा पुढं निरोप आला नाही. बोअर मात्र त्यांनी आमच्याएवढीच खोल पाडली असं कळलं.

पंगतीत बसला की वेगळाच ताप. वांग्याची भाजी पानात पडली की शेजाऱ्याला विचारणार, तुमच्यात याला काय म्हणता? कुणी बदनेकायी म्हणतं, कुणी बैंगन, औरादकडचं कुणी असलं तर वंकाय. "बघा अक्का, वांगं एक आणि दारं चार. ज्यानं एकच दार उघडं ठेवलं त्याचं दुकान कसं चालंल?" तोवर याच्या पानातली भाजी गार, आणि वाढपी मठ्ठ्याचं भांडं धरून ताटकळलेला.

त्याची बायको महानंदा हे सगळं हसून सोडून द्यायची. तिला वेळ कुठं होता? हायवेच्या कडेला तिचं पत्र्याचं शेड. नऊ बायका दिवसभर ज्वारीची कडक भाकरी करायच्या. पातळ थापायची, तव्यावर पापडासारखी कडक होईपर्यंत शेकायची, आणि पन्नासाची चवड बांधून ढाब्यांना द्यायची. महिना ठेवली तरी बिघडत नाही. पण गेल्या साली ढाब्यांनी मशीनची भाकरी घ्यायला सुरुवात केली आणि शेडातल्या चवडी शेडातच राहायला लागल्या. बायकांनी सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत वाट बघतो. काम नसंल तर हैदराबादला बांधकामावर जातो. नऊ घरं कुलूप लावून जाणार, पोरं शाळेतून निघणार. त्या दिवशी महानंदा पहिल्यांदा हसली नाही. पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "जगाचे शब्द हुडकायलाव ना? आता माझ्या भाकरीचा हुडका. दिवाळीपतोर."

अण्णानं वेबसाइट केली. शब्द घेतला 'ज्वारीची भाकरी', कारण दुसऱ्या रकान्यात त्याच्यापुढं भला मोठा आकडा होता. त्यावर दिवसरात्र खपला, आणि काय सांगू, महिन्याभरात लोक लोटले. अण्णानं गल्लीत पेढे वाटले. माझ्याकडे दोन पेढे आले. ऑर्डर मात्र एकही आली नाही. जो तो येऊन एवढंच बघायचा की भाकरी कशी करतात, फुगत का नाही, चिरते का. जो माणूस पाहुण्यांच्या मनातलं पोह्यांच्या बशीवरून ओळखतो, तो घरच्या भाकरीच्या वेळी आपलाच चौथा रकाना विसरला! महानंदा म्हणाली, "जत्रा झकास भरवलाव. आता देऊळ कुठं हाय तेवढं सांगा."

दिवाळीला दोन महिने उरले होते. अण्णा माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला. मी चहा टाकला. आखूड शब्दावर मोठी दुकानं पाय पसरून बसलीत, आता लांब शब्द हुडकायचा, पाच-सहा शब्दांची ओळ, जिच्यावर कुणीच बसलं नाही, असं काहीबाही तो सांगत होता, आणि वेबसाइटवर आलेले लोक काय काय विचारून आले त्याची यादी वाचत होता. वाचता वाचता हसला. "हे बघा एक. 'एका माणसासाठी भाकरी किती पीठ.' यंत्र ह्याच्यापुढं शून्य दाखवायलंय. काय पण विचारतेत लोक."

मी हसले नाही. म्हटलं, "अण्णा, ह्यात हसण्यासारखं काय हाय? हे गेल्यावर चार-पाच महिने मी रोज परातीत दोघांचं पीठ घ्यायची. पोरं पुण्याला, बेंगळुरूला. हाताला कोण सांगणार? हात जुनंच माप घेतोय. उरलेलं गायीला घालायची. मग एक दिवस थापायचंच सोडलं, एकटीसाठी कुठं चूल पेटवायची म्हणून. कडक भाकरी आणायची म्हटलं तर तुझी बायको पन्नासाची चवड देते. पन्नास भाकरी घरात पडल्या की त्या संपेनात, आणि बघून बघून जेवणच नको वाटतंय."

अण्णानं मोबाईल पालथा ठेवला. हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मग हळूच म्हणाला, "शून्य म्हंजे कोणी न्हाई असं न्हाई अक्का. मोजण्याइतके न्हाईत, येवढंच." आणि वही न उचलताच निघाला, मीच मागून नेऊन दिली.

दुसऱ्या दिवसापासून शेडात नवी पुडी: एका माणसाची, आठवड्याची, चौदा भाकरी, सोबत शेंगाचटणी. वेबसाइटवर तीच लांबलचक ओळ, मराठीत, कानडीत, दख्खनीत, जसं माणूस विचारील तशी. खाली पीठ किती घ्यायचं तेही लिहिलं, ज्याला स्वतः करायची त्याच्यासाठी. "शून्यावर शेड चालवायलाव व्हय?" महानंदानं कपाळाला हात लावला. बायकांनाही एकट्याची पुडी बांधणं जिवावर आलं. त्यातली वयानं मोठी होती ती म्हणाली, "असं मोजून-मापून एकट्याला द्यायचं, ओसाड वाटतंय ओ अण्णा." आणि तिनं प्रत्येक पुडीत गुपचूप पंधरावी भाकरी सरकवली, कुणी आलं-गेलं तर असू द्यावी म्हणून. अण्णानं पाहिलं आणि पुडी तशीच बांधू दिली.

पहिली ऑर्डर कलबुर्गीहून, खोली घेऊन राहणाऱ्या एका कारकुनाची. मग हैदराबादची एक नर्स, सोलापूरचे एक रिटायर मास्तर. वीसच माणसं झाली; पण ही वीस माणसं जत्रेतली नव्हती. पुढच्या आठवड्यात तीच परत आली, त्याच्या पुढच्या आठवड्यातही, आणि येताना आणखी कुणाला तरी सांगून आली. दिवाळी आली आणि गेली. दोघी हैदराबादला गेल्याच, त्यांना थांबवणं जमलं नाही. पण सात जणी शेडातच आहेत, त्यांची पोरं इथल्याच शाळेत आहेत. महानंदा आता नवऱ्याच्या वहीला पिठाचे हात लावत नाही, आधी धुते. याहून मोठा मान मी तरी पाहिला नाही.

अण्णा मात्र थोडा बदललाय. सोमवारी पुड्या निघतात तेव्हा कुणाची ऑर्डर आली नाही ते आधी बघतो आणि जीव टांगणीला लागल्यासारखा फोन लावतो. सोलापूरच्या मास्तरांचा एकदा खंड पडला तर यानं दुपारचं जेवण केलं नाही. संध्याकाळी मास्तरांचाच फोन आला: नातू कॉलेजसाठी राहायला आलाय, थोडी मोठी पुडी मिळेल का? अण्णानं तो फोन शेडात सगळ्यांना ऐकवला. त्याच दिवशी वेबसाइटवर खाली बारीक अक्षरात त्यानं एक ओळ घातली: 'घरात माणसं वाढली तर कळवा, पुडी मोठी करून देऊ.' ही ओळ कोणी शोधत नाही, हिच्यानं एकही गिऱ्हाईक वाढत नाही, हे त्यालाच सगळ्यात जास्त ठाऊक. तरी आतापर्यंत तिघांनी कळवलंय. मी दर सोमवारी शेडात जाते, सात जणींशी दोन घटका बोलते, माझी पुडी पिशवीत टाकते. अण्णा वहीतून मान वर करतो, विचारत काही नाही. मीच म्हणते, "लहानच दे बाबा, अजून."