हार घातलेला गिटारवाला

हसणार तुम्ही, मला ठाऊक आहे. हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा, आणि आमच्या हिच्यासमोर हा विषय काढू नका. शैलाच्या बघण्याच्या कार्यक्रमात मी जो घोळ घातला, तो आठवला की अजून कान तापतात.

टेपरेकॉर्डर नुकते घरोघर यायला लागले होते. शैला, माझी मुलगी, लग्नाची. स्थळ मुंबईचं: अविनाश, बँकेत नोकरीला. आईवडिलांबरोबर देवरूखला काकांकडे आलेला. फोटो पाहून शैला पहिल्यांदाच "बरा आहे" म्हणाली होती. एरवी नाक मुरडायची!

मध्यस्थ बापू, माझा शाळूसोबती, म्हणाला, "मुलगा सोन्यासारखा. फक्त एका विलायती बँडाचं खूळ आहे. त्यावर जो चार शब्द बोलेल, तो त्याचा देव."

"मग मी बोलतो की!"

"तू? गप बस मेल्या!"

झालं! रोज डायरी लिहिल्याशिवाय न झोपणारा माणूस मी. आमच्या आळीतले हुसेनभाई बोटीवर नोकरीला. त्यांच्या घरून जुनी इंग्रजी मासिकं आणली, शब्दकोश मांडीवर घेतला, आणि त्या बँडाचा चक्क कुलवृत्तांत तयार केला. मूळपुरुष कोण, कोण भांडून वेगळा झाला, कोण परत घरात आला. इतकी वर्षं चाललेला बँड म्हणजे दुसरं काय हो? एकत्र कुटुंबच! गाणारा आणि गिटारवाला यांच्यात तर अशी भाऊबंदकी, की आमच्याकडे आंब्याच्या कलमांवरून होते ती काहीच नाही. मला ती माणसं नात्यातली वाटायला लागली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हुसेनभाई बोटीवरून आले, ते त्याच बँडाची कोरी रेकॉर्ड घेऊन. मुंबईत अजून पोचली नव्हती. कव्हर पाहिलं. भिंतीवर गिटारवाल्याची तसबीर. तसबिरीला झेंडूचा हार. खाली तेवती समई. पुढे बाकीचे चौघे, तोंडं पाडून उभे.

सांगा, याचा दुसरा काय अर्थ होतो? मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. कोकम सरबत झालं. मी घसा खाकरला.

"अविनाशराव, तुमच्या बँडावर मोठा प्रसंग आला. असा गिटारवाला पुन्हा होणं नाही."

त्याच्या हातातला पेला थांबला. "म्हणजे?"

"कळलं नाही तुम्हाला? गेले बिचारे. हाराचा फोटो आलाय."

मुलगा पांढराफटक पडला. डोळे भरून आले. त्याची आई धावली. "अवी, काय झालं रे? कोण गेलं?"

"गिटारवाला गं, आई!"

"आपल्यात कोण गिटारवाला?"

वडिलांनी मला विचारलं, "वय काय होतं हो?"

आणि मी मूर्ख! वय सांगितलं. गाव सांगितलं. गाणाऱ्याशी भांडून दोनदा घर सोडलं होतं, पण शेवटी समेट झाला, जाताना मनात काही राहिलं नाही, हेसुद्धा सांगून टाकलं! बापू चिमटे काढतोय. मी थांबतोय कुठला?

"शुभ बोलणी करायची तिथे मरणाची बातमी? उठा हो!" आई उठली. मागोमाग वडील. मागोमाग अविनाश, रुमालात नाक खुपसून.

शैला पोहे घेऊन बाहेर आली, तर समोर मी, बापू आणि रिकाम्या खुर्च्या. तिनं बश्या खाली ठेवल्या, मी दाखवायचं राहून गेलेलं कव्हर उचललं, उलटं केलं.

"बाबा, हे मागचं बारीक अक्षर वाचलंत?"

"काय आहे?"

"फोटो कुणी काढला त्याचं नाव."

वाचलं. गिटारवाल्याचं! तो कॅमेऱ्यामागे उभा, म्हणून त्याची तसबीर भिंतीवर. ही मंडळी कधीतरी हिंदुस्थान फिरून गेलेली. इथे तसबिरीला हार घालतात एवढं त्यांनी पाहिलं, कधी घालतात ते विचारलं नाही!

कव्हर छातीशी धरून मी एसटी स्टँड गाठला. देवरूखची गाडी सुटायच्या बेतात. खिडकीखाली उभा राहून ओरडलो, "अविनाशराव, उतरा! तो जिवंत आहे!"

अख्खा स्टँड वळला. कंडक्टर म्हणाला, "कोण जिवंत आहे, आजोबा?"

अविनाशनं कव्हर वाचलं आणि गाडीतून उडीच मारली. त्याची आई मात्र विचारात पडली. मग म्हणाली, "मेलेला उठला म्हणजे शकुनच की हा! चला."

"हे वाचलं कोणी?" अविनाशनं विचारलं.

"शैलानं."

"मग मी तिच्याशीच बोलतो. तुम्ही नका बोलू."

लग्न झालं. मांडवात घरच्यांचा फोटो मी काढला, त्यामुळे त्यात मीच नाही. जावयानं तो मुंबईत दिवाणखान्यात लावलाय. शेजारी माझी एकट्याची तसबीर. तिला हार.

मागे गेलो होतो तेव्हा शेजारच्या वहिनी तसबिरीकडे बघून हळहळल्या. "तुमचे सासरे ना? कशानं गेले हो?"

जावई गंभीरपणे म्हणाला, "शरमेनं."

चहाचा ट्रे हातात घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. नाही म्हणायला तोंड होतं कुठे मला?