टेम्पोचा भोंगा

आत्याच्या मेंढ्यांना टेम्पोचा भोंगा कळतो. टेम्पो अजून खालच्या वळणावर असतो, तेवढ्यात एक लांब भोंगा होतो आणि शेडमधल्या सगळ्या माना गव्हाणीकडे वळतात. ही सवय आत्यानेच लावली. चारा आणणारा टेम्पोवाला कायम घाईत; गव्हाण झाडलेली नसली की त्याची बडबड सुरू. "लांबूनच वाजवत जा रे बाबा, म्हणजे मी तयार राहीन," असं तिनेच त्याला सांगितलं होतं.

त्याआधी मेंढ्यांना तिची हाक कळायची. घरामागे टेकडी आहे. आत्याच्या सासूच्या वेळेपासून या घरातल्या मेंढ्या तिथेच चरत आल्या. मग टेकडी बंद झाली. तिथे झाडं लावायची होती, हवेतला धूर शोषून घेणारी. मेंढ्या कोवळे कोंब खातात. शिवाय रवंथ करताना त्यांच्या पोटातून जो वायू निघतो त्याने हवा तापते, असं गावच्या सभेत समजावून सांगितलं गेलं. आत्याचे यजमान, आमचे आतोबा, मागच्या रांगेतून म्हणाले, "मुळा खाल्ल्यावर मलाही शेडमध्येच बांधा मग." सगळे हसले, आत्याही हसली. नंतर तार आली, फाटक आलं, फाटकाला कुलूप आलं.

शेडमध्ये सगळा कळप मावेना. कुणीही केलं असतं तेच आत्याने केलं. म्हाताऱ्या मेंढ्या विकल्या, तरण्या ठेवल्या. एका डोळ्याने अधू असलेली एक म्हातारी कुणी घेतली नाही, म्हणून राहिली. तिला काणी म्हणतात.

पत्रा दुपारी असा तापतो की खाली उभं राहवत नाही. आत्याचं सगळं चालणं आता नळापासून गव्हाणीपर्यंत. मी सुट्टीत गेले की संध्याकाळी ती पायरीवर बसून गुडघे चोळत असते. "चालून दुखायचे तेव्हा बरं होतं गं," ती म्हणते. "आता उगाच दुखतात."

मागच्या उन्हाळ्यात टेकडी जळाली. चरायला कुणी नव्हतं. गवत कमरेएवढं वाढलं, वाळलं आणि कोवळ्या झाडांना घेऊन पेटलं. मग धोरण फिरलं. वन खात्याच्या ऑफिसातून एक पाहणीवाले आले. अबोल गृहस्थ, उंबऱ्याबाहेर बूट पुसून आत आले.

"तारेलगतचा पट्टा मेंढ्यांकडून चारून घ्यायचं ठरलंय," ते म्हणाले. "गवत आखूड राहिलं की आग वर चढत नाही. किल्ली आत्ता देऊन जातो. पुढच्या पाहणीला तुमचा कळप तिथे चरताना मला दिसला, की ती कायमची तुमच्याकडे."

"आणि नाही दिसला तर?"

"मग गवत कापायचं मशीन. त्याचा करार एकदा झाला की पुढे माझ्याही हातात काही राहत नाही."

ते गेल्यावर आतोबा म्हणाले, "मेंढी गवत खाते का, हे बघायला माणूस येणार. उद्या मी घोरतो का ते बघायला कुणी आलं नाही म्हणजे मिळवली."

"त्याला बघायला कशाला यायला हवं? रस्त्यावर ऐकू येतं," आत्या म्हणाली. किती तरी दिवसांनी तिचा आवाज मोकळा लागला होता.

सकाळी तिने फाटक उघडलं आणि जुनी हाक दिली. काणी लगेच निघाली, आपल्याच घरात शिरावं तशी. बाकीच्या फाटकात थबकल्या. त्यांतल्या बहुतेक शेडमध्येच जन्मलेल्या, उरलेल्या वाट विसरलेल्या. एकीने पाय बाहेर टाकला, गवत पोटाला लागलं, तशी ती दचकून मागे फिरली. आत्या पुन्हा पुन्हा हाका मारत राहिली.

"वाट ठाऊक होती त्या विकल्या मी," ती म्हणाली. "कोकरं आईमागे जाऊन शिकतात. यांना शिकवायला कोण आहे?"

मग ती स्वतःच पुढे झाली. बादलीत मूठभर खुराक घालून ती खुळखुळवत चढायची, मी मागून हाकत जायची. रोज थोडं पुढे. गुडघ्यांबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. हळूहळू कळप तारेच्या कोपऱ्यापर्यंत येऊ लागला.

पाहणीचा दिवस आला. टेम्पोवाल्याला तिने आधीच बजावलं होतं, "आज जरा उशिरा ये." पाहणीवालेही उशिरा आले. ते खाली रस्त्यावर उभे राहून बघत होते. वर मेंढ्यांनी माना खाली घातल्या आणि गवत तुटल्याचा बारीक, एकसारखा आवाज येऊ लागला. आत्याने बादली खाली ठेवली. माझ्याकडे बघून ती काही बोलणार, एवढ्यात खालच्या वळणावर एक लांब भोंगा झाला.

सगळ्या माना एकदम वर झाल्या. आत्या हात पसरून आडवी आली, पण तिच्या दोन्ही बाजूंनी कळप उतारावर सुटला. पाहणीवाल्यांनी शेडच्या भिंतीला टेकून अंग चोरलं. मेंढ्या त्यांना घासून शेडमध्ये शिरल्या आणि रिकाम्या गव्हाणीपुढे दाटीवाटीने उभ्या राहिल्या.

आत्या धापा टाकत खाली आली. "साहेब, थोडे दिवस आणखी मिळाले तर..."

"मी विचारून बघतो," ते म्हणाले. "पण जे दिसलं तेच मला कळवावं लागेल."

"ती वर आहे ना अजून एक."

त्यांनी वर पाहिलं. काणी एकटीच चरत होती. "एक मेंढी म्हणजे कळप नव्हे हो," ते म्हणाले. आवाजात उपहास नव्हता.

टेम्पोवाला आमच्या चेहऱ्यांकडे बघत उतरला. "लांबूनच वाजवला हो, सांगितल्याप्रमाणे."

"हो," आत्या म्हणाली, आणि गव्हाण झाडायला गेली.

पट्ट्यावर आता मशीन फिरतं. फाटकाला नवं कुलूप आहे. काणी सकाळी शेडमधून निघते ती फाटकाशी जाऊन उभी राहते. भोंगा वाजतो, सगळ्या वळतात, ती वळत नाही. म्हणून तिचा चारा घमेल्यात घालून आत्या तिकडे नेते. खाताना काणी तोंड टेकडीकडेच ठेवते. तिच्यापुढे घमेलं धरायचं, तर आत्याला कुलपाला पाठ लावून उभं राहावं लागतं.