हैद्राबादच्या पडद्यामागे मनसाराम

उन्हाळ्यात मनसाराम तलावात जाळं टाकायचा आणि हिवाळ्यात पडद्याआड उभा राहायचा. झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस लागले की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. आज या गावात हे नाटक, उद्या त्या गावात ते. एवढं सगळं पाठ कोण करणार? म्हणून विंगेत एक माणूस वही धरून उभा असतो आणि नटाला एकेक वाक्य पुढे सरकवत राहतो. तो प्रॉम्प्टर. त्याचं बोलणं नटाला ऐकू गेलं पाहिजे, सतरंजीवर बसलेल्याला नाही. मनसारामचा आवाज देवानंच त्या मापाचा केला होता. घरातही तो तसाच बोलायचा. बायको गोकुळा म्हणायची, "तुमी माह्यासंगं भांडता, का मले भांडण सांगून देता?"

मनसाराम विंगेत असला की नट मुका पडत नाही, अशी त्याची ख्याती होती. मुकी पडली ती त्याची स्वतःची पोरगी.

दामिनी अभ्यासाला चलाख. चंद्रपूरला इंजिनिअर झाली आणि हैद्राबादला एका डेटा सेंटरात लागली. डेटा सेंटर म्हणजे थंडगार खोल्यांतून कपाटांच्या रांगा, कपाटांत लुकलुकणारे दिवे, आणि लोकांचे निरोप, फोटो, बँकेची कामं सगळी तिथून येणार-जाणार. ती कपाटं एकमेकांशी जोडून ठेवायची, हे दामिनीचं काम. पोरगी भर मे महिन्यात स्वेटर घालून कामावर जाते, एवढंच गावाला कळलं होतं, आणि तिला काहीतरी जुनं दुखणं असणार, हेही गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

दुखणं होतं, पण वेगळं. चार माणसांसमोर उभी राहिली की तिच्या तोंडचे शब्द पळायचे. कॉलेजात असं झालं. ऑफिसच्या मीटिंगमध्येही झालं. सगळे सभ्यपणानं आपापल्या चहाच्या कपात बघत बसले. आणि दोन हजार आठ साली पोळा झाल्यावर तिच्या साहेबानं तिचं नाव मोठ्या परिषदेला देऊन टाकलं. डेटा सेंटरच्या जोडणीचं काम करणारे देशभरातले लोक येणार होते. दामिनीला पंधरा मिनिटं बोलायचं होतं, इंग्रजीत.

तिनं फोन केला. "बाबा, आता मुकी पडली ना, तर मी पुन्हा कधी लोकाईसमोर उभी राहणार नाई. खाली मान घालून तारा जोडत राहीन जलमभर."

"मंग मी का करू, बाई?"

"तुमी या. मागं उभे राहा फक्त."

मनसारामनं मनातल्या मनात आठवून पाहिलं. एवढ्या वर्षांत बाहेरच्या मंडळ्यांची आमंत्रणं पुष्कळ आली होती, हैद्राबादचं पहिलंच.

"वही पाठवून दे," तो म्हणाला.

दामिनीनं सगळं भाषण मराठी अक्षरांत लिहून पाठवलं, म्हणजे भाषा इंग्रजी आणि लिपी आपली. मनसारामनं ते एका बैठकीत वाचून काढलं आणि लगेच फोन लावला. "यात गाणं कुठी हाय?"

"गाणं नाई, बाबा."

"पंधरा मिंट अन् गाणं नाई? लोक बसतीन का?"

"बसतेत. खुर्च्या गादीच्या असतात."

हे त्याला पटलं नाही, पण पदरचं गाणं घालणं प्रॉम्प्टरचं काम नव्हे. दुसऱ्या दिवसापासून तो तलावाच्या पाळीवर बसून सराव करू लागला. जाळं सोडवायला आलेला लटारू ऐकत राहिला. लटारू त्याच्याच मंडळीत खलनायक करायचा, त्यामुळे गोष्टीत खलनायक शोधायची त्याला सवय.

"का गा मनसाराम, इंग्रजी नाटक बसवून राह्यले का?"

"दामिनीचं भाषण हाय."

"कायचं?"

मनसारामनं पोरीकडून अर्थ समजून घेतला होता. तो म्हणाला, "एका कपाटातून दुसऱ्या कपाटात निरोप जाते. एकच रस्ता ठेवला अन् तो तुटला, तर निरोप अडकते. म्हणून दोन रस्ते. पण दोन्ही मोकळे सोडले तर निरोप गोल गोल फिरत राह्यते, वाढत जाते अन् सगळं बंद पाडते. त्याले लूप म्हणतेत."

"म्हंजे लूप खलनायक."

"तसंच समज."

"मंग तो मरते का नाई शेवटी?"

"मरत नाई. बांधून ठेवतेत त्याले."

लटारूला हे फार आवडलं. न मरणारा खलनायक म्हणजे पुढच्या नाटकातही काम. आठवडाभरात गावातली पोरं खेळताना एकमेकांना लूप म्हणून पकडू लागली, आणि चावडीवर विचारणा झाली की नाटकाला तिकीट किती ठेवलं आहे.

बल्लारशाला गाडी बदलून मनसाराम आणि गोकुळा हैद्राबादला पोचले. मनसारामच्या पिशवीत वही होती, गोकुळेच्या पिशवीत वाळल्या झिंग्यांची चटणी. परिषद एका मोठ्या हॉटेलात होती. दारावर दोघांच्या गळ्यात नावाची पट्टी अडकवली. गोकुळेनं ती पदराबाहेर काढून नीट मधोमध ठेवली आणि दिसेल त्याला नमस्कार करत सुटली. लोकही करत होते. एका टाय घातलेल्या माणसानं तर तिला वाकून कार्ड दिलं.

"का लिवलं हाय?" तिनं दामिनीला विचारलं.

"मोठे साहेब हायेत, आई. त्याईले वाटलं तू कोन्या कंपनीची."

"नाई कोन म्हन्ते? तुमच्या कंपनीची मायच हावो मी."

जेवणं उभ्यानं चालली होती. गोकुळेनं एका कोपऱ्यात खुर्ची ओढली, डबा उघडला आणि चटणीच्या वासानं बंगळूरचे दोघं आणि चेन्नईचा एक असे तिघं आपसूक तिच्याभोवती जमले. भाषा कुणाची कुणाला येत नव्हती. ताटं पुढे करायला ती लागतही नव्हती. मनसारामनं मात्र ताट घेतलंच नव्हतं. त्याची नजर मंचावर होती. मंचाच्या उजव्या अंगाला काळा पडदा होता. पडदा बघून त्याच्या जिवात जीव आला.

आवाजाची पेटी सांभाळणाऱ्या माणसाला दामिनीनं सांगितलं, "ये मेरे साथ है." त्यानं काही न विचारता एक स्टूल सरकवलं. मनसारामनं वही उघडली, बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. पडद्याच्या फटीतून दामिनीचा एक कान, एक खांदा आणि वेणी दिसत होती. प्रॉम्प्टरला एवढं पुष्कळ झालं.

हॉल भरला. दामिनीचं नाव पुकारलं. ती मंचावर गेली, माईकसमोर उभी राहिली, आणि पहिलं वाक्य घडाघडा म्हणाली. दुसरंही. मनसारामचं बोट ओळीमागून ओळ चालू लागलं. पहिला रस्ता आला, दुसरा रस्ता आला, लूप आला. मग दामिनीनं लोकांना विचारलं, "व्हेन द फर्स्ट पाथ ब्रेक्स, व्हॉट हॅपन्स नेक्स्ट?" म्हणजे पहिला रस्ता तुटला की पुढे काय होतं?

आणि ती थांबली.

आता ती मुद्दाम थांबली होती. लोकांनी जरा विचार करावा म्हणून भाषणात असं थांबतात. पण मनसारामची नजर वहीवर, आणि वहीत थांबा लिहिलेला नव्हता. झाडीपट्टीत मंचावर शांतता पडली म्हणजे नट अडकला, हे तो झोपेतही सांगू शकला असता. त्यानं मान पुढे केली आणि ठणठणीत वाक्य दिलं, "ट्रॅफिक मूव्ज टू द सेकंड पाथ."

त्याचा आवाज होता उघड्या मैदानाच्या मापाचा. तिथे शेजारी जनरेटर धडधडत असतो, तबला चालू असतो, मागे चहावाला ओरडत असतो. त्या गलक्यातून नटापर्यंत पोचून तिथेच विरणारा आवाज. इथे खाली गालिचा, दारं बंद, टाचणी पडली तरी ऐकू यावी. ते वाक्य शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं, भिंतीला लागलं आणि परत आलं.

सगळा हॉल हसला. उत्तर बरोबर होतं, म्हणून आणखीच हसला. पहिल्या रांगेतली गोकुळा तर शेजारणीला कोपरानं ढोसून सांगू लागली, "माहे मालक ते. आत हायेत."

मनसारामच्या कानशिलांना आग लागली. पोरीचा खेळ आपणच बुडवला. दामिनीनं मान वळवून फटीकडे पाहिलं. तीही हसत होती, पण बापाला ते दिसलं नाही, कारण त्यानं तोंड वहीत खुपसलं होतं. ती माईकमध्ये इंग्रजीत म्हणाली, "माझे बाबा आहेत. बरोबर सांगतात." पुन्हा हशा झाला. मनसारामनं ठरवलं, आता पाणी डोक्यावरून गेलं तरी ओठ उघडायचे नाहीत.

भाषण पुढे सरकलं. आणि शेवटच्या पानावर, जिथे कुणाला काही विचारायचं नव्हतं, कुठे थांबायचं नव्हतं, तिथे दामिनी थांबली.

या वेळी मनसारामनं वहीतून डोकं वर काढलं. तिचा हात गळ्यातल्या पट्टीला पीळ देत होता. एक पीळ, दुसरा पीळ. नट मुद्दाम थांबतो तेव्हा त्याचं अंग लोकांकडे झुकलेलं असतं. अडकतो तेव्हा अंग आखडतं. दामिनीचा दिसणारा खांदा कानाला जाऊन टेकला होता.

पण मघाशीही खात्रीच होती की. पुन्हा चुकलं तर? हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. आवाजाच्या पेटीवाला मनसारामकडे पाहू लागला. पट्टीला तिसरा पीळ पडला.

मनसारामनं स्टूल सोडलं, पडद्याला गाल लावला, आणि उभ्या आयुष्यात ज्या मापानं कधी बोलला नव्हता त्या मापानं, नुसत्या श्वासावर, दोन शब्द सोडले. "बट द..."

खांदा खाली आला. "बट द लूप," दामिनी म्हणाली, आणि उरलेलं पान एका दमात वाहून गेलं. टाळ्या पडल्या. मनसारामनं वही मिटली. गंगेत घोडं न्हालं म्हणून तो वळतो न वळतो, तोच सुटाबुटातल्या एका माणसानं हात वर केला आणि काहीतरी विचारलं.

मनसारामनं घाईघाईनं वही उघडली. प्रश्न वहीत नव्हता. त्यानं मागचं पान पाहिलं, पुढचं पुठ्ठ्यापर्यंत पाहिलं. दामिनी विचारणाऱ्याकडे बघत होती. मनसारामच्या हातात तिला द्यायला एक शब्द नव्हता, आणि अशी वेळ त्याच्यावर कधीच आली नव्हती. वहीबाहेरचं नाटक कुणी करतं का?

मग दामिनीनं माईक काढून हातात घेतला आणि ती बोलायला लागली. कुठून आणलं देव जाणे. मोकळा हात हवेत दोन रस्ते काढू लागला, ते जोडू लागला, तोडू लागला. विचारणारा मान डोलवू लागला. दुसऱ्यानं विचारलं, त्यालाही दिलं. तिसरा विचारता विचारता स्वतःच अडकला, तर दामिनीनं त्याचा प्रश्नही पुरा करून दिला. हॉल पुन्हा हसला.

मनसारामनं वही स्टुलावर ठेवली, पडदा बाजूला केला आणि पायऱ्या उतरून सरळ गोकुळेच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला. नाटक समोरून कसं दिसतं, हे त्याला नीटसं ठाऊक नव्हतं. समोरून पोरीचं सगळं तोंड दिसत होतं.

गोकुळेनं विचारलं, "इथी काऊन आले? काम संपलं?"

"संपलं. आता तिचं तीच बोलून राह्यली."

"का म्हन्ते?"

"मले का ठाव?" मनसाराम म्हणाला, आणि त्याला असं काही भरून आलं की दामिनीचं उत्तर अर्ध्यात असतानाच त्यानं जोरजोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्याच्या ऐकून मागच्या रांगेनं वाजवल्या, मग त्याच्या मागच्या, मग सगळ्या हॉलनं.

"अवो, तिचं बोलणं व्हायचं हाय अजून," गोकुळा म्हणाली, आणि स्वतःही वाजवू लागली.