कापड ओढायचं नाही

माझा नवरा टेलर. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते आणि मीही मास्तरच म्हणते, कारण घरातसुद्धा यांची शिकवणी चालूच. एके काळी नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. दुकानात शिकायला येणाऱ्याला पहिल्या दिवशी एकच मंत्र मिळायचा, "कापड ओढायचं नाही, ढकलायचं नाही. नुसता हात ठेवायचा, मशीन नेतं." ओढलं की टाका वाकडा, नाहीतर सुई तुटते. आणि सुई तुटली की मास्तरांचं तोंड सुटायचं.

अशा माणसाला पक्षाघात झाला आणि नेमका उजवा हात गेला. पाय सावरला, बोलणं अडखळत का होईना परत आलं. हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच, कुणी तरी विसरून गेल्यासारखा. टेलरचा उजवा हात म्हणजे काय, ते मी सांगायला नको. तो नसेल तर मास्तर म्हणजे घरात बसून भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरणारा एक म्हातारा, आणि हे त्यांनाही कळत होतं.

हॉस्पिटलातल्या फिजिओबाईंनी त्यांना रोबोटवर बसवलं. रोबोट म्हटल्यावर मला वाटलं, डोळेबिळे असलेला कुणी चालत येईल. बघते तर काय, टेबलाला जोडलेला लोखंडी हात! त्यावर मास्तरांचा हात पट्ट्यांनी बांधायचा. समोर पडद्यावर चेंडू आणि टोपली. हात पुढे सरकला की चेंडू टोपलीत, वर वाजंत्री. पहिल्याच दिवशी चेंडू टोपलीत पडला आणि मी टाळ्या पिटल्या. घरी येऊन लेकीला फोन केला, शेजारणीला सांगितलं, दूधवाल्यालाही सोडलं नाही. हात चालायला लागला!

पण घरी हात तसाच. चमचा दिला की खाली. "होईल हळूहळू," असं एकमेकांना सांगत आम्ही दिवस ढकलले.

मग एकदा बाईंनी मला बाजूला घेतलं. "काकू, हात मशीनच नेतंय. पेशंटने जोर लावला नाही की ते मदत करतं. मी रोज सांगते, काका 'हो' म्हणतात आणि जोर लावतच नाहीत. बाकीचे पेशंट थांबलेत. शुक्रवारी तपासू. काही दिसलं नाही, तर जागा सोडावी लागेल."

मला राग आला. कामचुकार? हा माणूस? अंगात ताप असताना लोकांच्या कोटांना काजं केलीत यांनी! बाईंना चांगलं सुनावणार होते, पण मास्तर मान खाली घालून बसलेले दिसले आणि शब्द गिळले.

संध्याकाळी त्यांच्या मशीनवर उशीचा अभ्रा शिवायला बसले. डोकं ठिकाणावर नव्हतंच. कापड खसकन ओढलं आणि कडकन सुई तुटली.

"ओढू... नको!" मास्तर पलंगावरून गरजले. आजारपणानंतर एवढा आवाज प्रथमच. "हात... नुसता ठेव. मशीन... नेतं."

मी तुटक्या सुईकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"अहो, तिथेही असंच करता की काय?"

"मग?" जशी काही मीच खुळी. "मशीनशी... भांडायचं नसतं."

"आणि बाई जोर लावा म्हणतात ते?"

"तिला शिवण... कुठे येतं?"

हसावं की रडावं! मी आधी हसले आणि मग रडलेच. म्हटलं, "अहो, तिथे कापड म्हणजे तुमचा हात आहे. ओढल्याशिवाय यायचा नाही तो."

त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून बघितला. मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस... चेंडू... कोण नेत होतं?"

मी खाली वाकून सुईचे तुकडे वेचायला लागले.

शुक्रवारी मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मशीनची मदत जवळजवळ बंद केली. "ओढा काका." चेंडू ढिम्म. मास्तरांच्या मानेच्या शिरा फुगल्या, घाम नाकावरून गळायला लागला, तरी चेंडू ढिम्म.

"ओढा हो मास्तर!" मी ओरडले. "तुटली सुई तर तुटू दे!" शेजारचे पेशंट वळून बघायला लागले. बघोत मेले.

चेंडू हलला. बोटभर, तोही वाकडा, आणि थांबला. ना टोपली, ना वाजंत्री. बाई म्हणाल्या, आणखी आठवडाभर जागा ठेवते, पुढचं तेव्हा बघू. त्या हातात पुन्हा सुई येईल का, हे त्यांनाही सांगता येईना. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू?

मी पट्ट्या सोडायला वाकले. मास्तर हात काढू देईनात. टोपलीपासून कितीतरी लांब राहिलेल्या त्या चेंडूकडे बघत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हा," ते म्हणाले, "मी नेला."