सोळाशे एक्याण्णवचा पितळी पत्रा

ठाण्याच्या इतिहास मंडळात गोपीनाथ मास्तरांना अकरा वर्षं झाली होती आणि या अकरा वर्षांत त्यांना काहीही सापडलं नव्हतं. बाकीच्यांचं बरं चाललं होतं. खजिनदारांना विहीर उपसताना तोफेचा गोळा मिळाला होता, चिटणिसांच्या परसात वीरगळ होता. मास्तर दर बैठकीला सतरंजी अंथरत आणि इतरांच्या शोधांना अनुमोदन देत. मंडळाच्या वार्षिक अंकात एकदा तरी आपल्या नावाचा निबंध यावा, एवढी एकच वासना त्यांच्यात उरली होती.

बावन्न सालच्या उन्हाळ्यात कळव्याच्या खाडीकाठी जुने दगड धुंडाळताना ते पाणी प्यायला तुळसाबाईकडे थांबले. तुळसाबाई आगरी, सगळा जन्म मिठागरात गेलेली विधवा. तिच्या देव्हाऱ्यात देवांच्या आणि पितरांच्या टाकांशेजारी वीतभर पितळी पत्रा उभा होता. वर मुकुट, खाली झिजलेली रोमन अक्षरं आणि एक साल. त्यात आधी एक, मग नुसती लकाकी, मग नऊ आणि एक.

पत्रा पितळेचा होता. मास्तरांनी त्याला उभ्या उभ्या ताम्रपट करून टाकलं. मुकुट आहे म्हणजे राजा आला, रोमन अक्षरं आहेत म्हणजे पोर्तुगीज फिरंगी आला, आणि फिरंगी तर ठाण्यातून सतराशे सदतीसलाच गेला. तेव्हा रिकाम्या जागी सहा. पाचही चालला असता, पण मास्तर अतिशयोक्ती करणाऱ्यांतले नव्हते.

पत्रा पन्हळीसारखा किंचित वाकलेला होता आणि चारी कोपऱ्यांना भोकं होती. तो फिरंग्यांच्या एखाद्या गढीच्या गोल खांबावर ठोकलेला असणार, हे त्यांनी तळटिपेत सिद्ध केलं. हे फिरंगी राजानं दिलेलं मिठागराचं दानपत्र, असं ठरवून त्यावर चौदा पानं झाली. पत्रा त्यांनी आठवडाभरासाठी मागून आणला; तो आला कुठून, हे विचारायचं तेवढं राहिलं. अडाणी बाईला काय ठाऊक असणार!

निबंधवाचनाच्या आदल्या दिवशी डोंबिवलीहून त्यांचे साडू गुणाजीराव आले. आरमाराच्या गोदीत तीस वर्षं फिटर होते, पैकी वीस टॉर्पेडोंच्या खात्यात. त्यांनी पत्रा मांडीवर पालथा घातला, भोकांत करंगळीचं नख फिरवलं आणि आधी चहा संपवला.

"मास्तर, ही टॉर्पेडोची पाटी. इटलीच्या आरमाराची. गोल अंगावर बसावी म्हणून वाकवतात. हे बघा, व्हेनिस. तिथं कारखाना होता. साल अठराशे एक्याण्णव. हौशी माणूस जिवापाड जपेल अशी जुनी चीज आहे. तुम्ही सहा कुठून आणलात?"

"अनुमानानं."

"टॉर्पेडो निघून अजून शंभर वर्षं झाली नाहीत, म्हणून विचारलं."

मास्तर तडक कळव्याला गेले. तुळसाबाई मासळी निवडत होती. विचारताच तिनं सांगितलं. तिचा भाऊ पंढरी मागच्या लढाईत खलाशी होता. इटलीवाल्यांचं आफ्रिकेतलं मसावा बंदर पडलं तेव्हा तिथल्या मोडीतून त्यानं हा पत्रा आणला, आणि घरी येऊन दोन वर्षांत तापानं गेला. मागे कोणी नाही, फोटो नाही. पितरांत बसवायला टाक करायचा तर चांदी कुठली? मग हाच बसवला. दर दिवाळीला चिंच लावून घासते, त्यात मधला आकडा गेला. पयलं तिथं दोन गोल व्हते, एकावर एक.

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी कवा इचारलं मास्तर? तुमीच तर मना सांगत व्हते."

रात्रभर मास्तरांनी सत्याचा विचार केला आणि रविवारी चौदाच्या चौदा पानं वाचली. टाळ्या पडल्या. खजिनदारांनी उठून हात हातात घेतला. सतरंजी त्या दिवशी चिटणिसांनी गुंडाळली. अंकात निबंध पहिला आला, नाव ठळक टायपात. साडवांनी अंक चाळला आणि छपाई सुबक आहे म्हणाले.

आश्विनात पुण्याहून पत्र आलं. फिरंगी अंमलाचे एक अभ्यासक दिवाळीनंतर ताम्रपट प्रत्यक्ष पाहायला येणार होते.

आठवड्यासाठी नेलेला पत्रा मास्तर अखेर धनत्रयोदशीला परत करायला कळव्याला गेले. पिशवीत पत्र्याखाली शेरभर चिंच होती. देवाचं काम आहे, यंदा जरा सढळ हातानं घासा, असं त्यांनी सुचवलं. मुकुट राहू द्या, बाकीचं लख्ख करा.

तुळसाबाईनं चिंचेकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"माझा भाऊस तं पुसलेल्या पत्र्यावं बी बसंल," ती म्हणाली. "तुमचा फिरंगी कुठं बसंल?"

आणि मास्तरांनी विचार बदलायच्या आत तिनं चिंच भिजत घातली.