होडीचं फायबर, दाताचं फायबर

दातांच्या डॉक्टरसमोर माणूस तासभर आ करून बसतो. बोलायची सोय नाही. मग तोंड मोकळं झालं की जे बाहेर पडतं ना, ते ऐकायला या!

दोन हजार सालच्या आसपास मी मुंबईला जाऊन नवीन काम शिकून आलो. पडलेल्या दाताच्या शेजारच्या दोन दातांना मागून फायबरची पट्टी चिकटवायची आणि तिच्यावर नवा दात घडवायचा. एका बैठकीत ब्रिज तयार! पण रत्नागिरीत कोणाचा विश्वास बसेल तर शपथ. हे टिकलं नाही तर माझा नवा दवाखाना बसला, एवढं साधं होतं.

पालीचे एक मास्तर आले. म्हटलं, "तासाभरात ब्रिज बसवतो."

"तासाभरात? आमच्या नदीवर बारा वर्षं नुसते दोन खांब उभे आहेत!"

कंपोझिट, म्हणजे दात घडवायचा मऊ मसाला, कडक करायला निळा लाइट मारतात. तो पाहून एक आजी खुर्चीतून उठल्याच. "वेल्डिंग करतोस होय रे मेल्या? थांब, आधी नथ काढते!"

एका बागायतदाराला बजावलं होतं, "पुढच्या दातांनी कैरी तोडायची नाही." भर एप्रिलात, रत्नागिरीत! आठवड्याने स्वारी हजर. हातात कैरी, कैरीत माझा दात.

"डॉक्टर, दात एक नंबर. कैरीतून निघत नाय!"

मला मात्र घाम फुटला. त्यात दुसऱ्याच दिवशी दाऊदचाचा आले, मच्छीमार. बरोबर मुलगी सलमा. पायरीवरून पडून तिचा पुढचा दात गेलेला आणि निकाह आठ दिवसांवर. पोर तोंडावरचा हात काढीना. मला फार वाईट वाटलं.

चाचांचाही पुढचा एक दात वीस वर्षांपासून नव्हता. म्हणाले, "माझी होडी फायबरची. पाण्यात घातल्याबिगर मी होडी घेत नाय. आधी माझ्या तोंडात बसवा. टिकला तर पोरीला."

बसवला. चार दिवस माझा जीव टांगणीला! पाचव्या दिवशी चाचा आले, सलमाला पुढे केलं. "बसवा."

तासाभराने तिने आरसा घेतला आणि हात बाजूला करून खळखळून हसली. मला तर रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात चाचा स्वतःच खुर्चीत चढून बसले. "आता माझा काढा."

"का? हलतोय?"

"हलत नाय तोच वांधा! फटीतून शीळ घातली की खलाशी जाळं ओढायचे. चार दिवस नुसती हवा जातेय, नि ते मेले माझ्याकडं बघून हसतायत!"